भामरागडच्या मुलांना उत्तर द्यायचं राहिलं आहे : आमच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सादर नमस्कार.

मी आपल्याच संस्थेच्या कोल्हापुरातल्या शाळेत मराठी शिकवते, सातवीची वर्गशिक्षिका आहे. याच विषयावरचा माझा अर्ज आपल्या कार्यालयात रीतसर दिलेला आहे. त्यावर आवक क्रमांक पडला, पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. भेटीची वेळ मागितली, तीही मिळाली नाही. आपला निर्णय मात्र परिपाठाच्या वेळी, सगळी शाळा मैदानात रांगेत उभी असताना, माईकवरून वाचून दाखवला गेला. माझ्या वर्गातल्या मुलांनी तो मान खाली घालून ऐकला. जे सगळ्यांसमोर सांगितलं गेलं त्याला उत्तरही सगळ्यांसमोर द्यावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

निर्णय असा की, सातवीच्या वर्गाचा ब्लॉग तात्काळ बंद करावा, विद्यार्थ्यांचं लेखन इंटरनेटवर ठेवू नये आणि त्यासाठी दिलेली संगणक कक्षातली आठवड्याची एक तासिका स्पर्धा परीक्षांच्या सरावाला वापरावी.

शाळेबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या वर्गाची जोडी गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेशी होती. राज्याच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ते. आमची मुलं लिहायची, मी वाचून ते ब्लॉगवर चढवायची. तिकडची मुलं वाचायची, प्रश्न विचारायची, आपलं लिहून पाठवायची. तिकडे नेटवर्कचा भरवसा नाही. तिथले गुरुजी मुलांच्या वहीतल्या पानांचे फोटो काढून ठेवायचे आणि तालुक्याच्या गावी गेले की पाठवायचे. उत्तर कधी दोन दिवसांत यायचं, कधी पंधरवडा लागायचा. मुलं तासाला आल्या आल्या आधी तेच विचारायची, बाई, तिकडून काही आलं का?

आता ह्याने काय झालं ते सांगते. आपल्यापैकी कुणी आमच्या तासाला येऊन बसलं असतं तर ते सांगावं लागलं नसतं.

मराठीचा शिक्षक वर्षानुवर्षं निबंध तपासतो. पावसाळ्यातील एक दिवस, माझा आवडता सण, नदीचे मनोगत. वर्गातल्या सगळ्या वह्यांमध्ये एकच पाऊस पडतो, सृष्टी हिरवा शालू नेसते आणि शेवटी घरी गरम भजी होतात. गाइडमधून उतरलेली ही वाक्यं आईवडिलांच्या वह्यांतही होती. मुलांना लिहिता येत नाही, हे त्यामागचं कारण नव्हे. हे वाचणाऱ्या बाईंना सगळं आधीच ठाऊक आहे आणि त्या लाल पेनाने फक्त चुका शोधणार आहेत, हे मुलांना पक्कं माहीत असतं. ज्याला काही जाणून घ्यायचं नाही त्याला मूल काय सांगणार?

ह्याच मुलांनी भामरागडच्या मुलांसाठी पुराबद्दल लिहिलं. पंचगंगेचं पाणी आमच्या कित्येक मुलांच्या घरात २०१९ ला आलं होतं, २०२१ ला पुन्हा आलं. एका मुलीने लिहिलं की पाणी ४३ फुटांवर गेलं की आम्ही सामान बांधून मामाकडे जातो. तिकडून प्रश्न आला, ४३ फूट कुठून मोजता आणि कोण मोजतं? वर्ग गप्प. कोल्हापुरात पावसाळाभर ज्याच्या त्याच्या तोंडी पाण्याचे फूट आणि इंच असतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे सातवीतल्या मुलांना पाढ्यांसारखं पाठ आहे. पण कुठली पट्टी, कुठे लावलेली, हे कुणाला सांगता येईना. मग रविवारी काही मुलं पालकांबरोबर कसबा बावड्याला जाऊन राजाराम बंधारा बघून आली. पाणीपातळी वाचायची कशी ते विचारून आली. परत येऊन त्यांनी जे लिहिलं त्यात हिरवा शालू नव्हता.

तिकडून उत्तर आलं ते त्यांच्या पुराचं. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहायला लागलं की गाव तुटतं, दुकानदार सामान उंचावर हलवतात, पलीकडच्या गावांतली माणसं पलीकडेच राहतात. तिथल्या एका मुलाने विचारलं होतं की तुमच्या पुराची बातमी आम्हाला कळली, आमच्या पुराची तुम्हाला कळली होती का? कळली नव्हती. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की पुण्यापासून बेंगळुरूपर्यंत सगळ्यांना समजतं. पर्लकोटेचं नाव आमच्या वर्गात कुणी ऐकलेलं नव्हतं, मीही नकाशा काढून बघितला. त्या तासाला भूगोल, नागरिकशास्त्र आणि मराठी वेगळं करता येत नव्हतं.

आणखी एक. माझ्या वर्गात करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून एसटीने येणारा मुलगा आहे. मागच्या बाकावर बसतो, विचारल्याशिवाय बोलत नाही, निबंधात आठ ओळींच्या पुढे जात नाही. त्याच्या घरी गुळव्याचं, म्हणजे गुऱ्हाळात गूळ करणाऱ्याचं, काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याने गुऱ्हाळाबद्दल लिहिलं. चरकातून रस कसा निघतो, काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, आधण कसं टाकतात, भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि ती कशी काढून टाकतात, चिपाडं वाळवून चुलवणाला जाळ कसा घालतात, आणि पाक झाला हे गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून कसं ओळखतो. मोहाची फुलं वेचणाऱ्या मुलांना हे सगळं नवं होतं. त्यांनी विचारलं, काहिलीत माणूस पडला तर? त्याने घरी विचारलं आणि पुढच्या तासाला दोन पानं लिहून आणली. घरच्या कुणाचा हात कसा भाजला होता, तेव्हापासून काहिलीजवळ लहान मुलांना का येऊ देत नाहीत, रात्रीच्या पाळीला जागं राहायला काय करतात. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या त्याने स्वतःहून मला विचारून दुरुस्त केल्या, कारण तिकडच्या मुलांना नीट कळायला हवं होतं. ती मुलं घरी माडिया बोलतात, मराठी शाळेत शिकतात. त्यांच्यासाठी सोपं आणि बिनचूक लिहायचं, हे मी सांगायच्या आधी त्याच्या लक्षात आलं होतं. मोहाच्या दिवसांत पहाटे अंधारातच रानात जावं लागतं, गुरं आणि जनावरं फुलं खायच्या आत वेचावी लागतात, हे त्याला तिकडून कळलं. कामाला लवकर उठणारी मुलं तिकडेही आहेत, हे त्याने वर्गात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

हे सगळं चालू असताना आपल्याकडून कधी विचारणा झाली नाही. विचारणा झाली ती पाण्याच्या टाकीनंतर.

तिकडच्या मुलांनी लिहिलं होतं की त्यांच्या शाळेत हातपंप आहे आणि उन्हाळ्यात तो फार हापसावा लागतो. तुमच्याकडे पाणी कुठून येतं, असं त्यांनी विचारलं. माझ्या वर्गातल्या चार मुलींनी उत्तर लिहिलं. महानगरपालिकेचं पाणी येतं, ते गच्चीवरच्या टाकीत चढवतात, टाकीचं झाकण तुटलेलं आहे, म्हणून आम्ही काहीजणी घरून बाटली आणतो. एवढंच. कुणाचं नाव नाही, कुणाला दोष नाही. मी ते वाचलं, खरं आहे याची खात्री होती म्हणून चढवलं. त्या आठवड्यात त्या चौघींना कार्यालयात बोलावून कुणी लिहायला सांगितलं असं विचारण्यात आलं. मला बोलावलं नाही. पुढच्या आठवड्यात परिपाठाला निर्णय वाचला गेला.

निर्णयात टाकीचा उल्लेख नाही. त्यात मुलांची सुरक्षितता आहे, शाळेची प्रतिमा आहे आणि अभ्यासाचा वेळ आहे. तिन्हींबद्दल मला बोलायचं आहे.

सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. मला ती आपल्याइतकीच आहे, कदाचित जास्त, कारण मुलं रोज माझ्यासमोर असतात. म्हणूनच पहिल्या दिवसापासून एकाही मुलाचं खातं नव्हतं. खातं एकच, माझं. मुलाचं नाव, आडनाव, फोटो, पत्ता, काहीही पानावर जात नव्हतं, लेखाखाली फक्त 'सातवीतला एक विद्यार्थी' असायचं. बाहेरून आलेला कोणताही अभिप्राय मी वाचून मंजूर केल्याशिवाय दिसत नव्हता. पालकसभेत हे सगळं समजावून सांगून लेखी संमती घेतली होती, ती फाइल शाळेत आहे. आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे आणि त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. त्याबरहुकूम आणखी काही करायचं असेल तर आनंदाने करू. पान फक्त दोन शाळांनाच दिसेल असं कुलूपबंदही करता येतं, एका तासाचं काम आहे. ह्यातलं काही विचारलं गेलं नाही. उलट ह्याच वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मुलांच्या नावांसकट समाजमाध्यमांवर टाकले गेले आणि ते आजही तिथे आहेत. काळजी सुरक्षिततेची असेल तर आधी ते फोटो उतरवायला हवेत.

प्रतिमेबद्दल. २०१२ साली स्कॉटलंडमध्ये मार्था पेन नावाची नऊ वर्षांची मुलगी शाळेतल्या जेवणाचे फोटो काढून रोज ब्लॉगवर लिहायची. चव कशी होती, किती घासांत संपलं, आरोग्याला बरं का, अशा नोंदी करायची. इतर देशांतली मुलंही तिला आपापल्या शाळेतल्या जेवणाचे फोटो पाठवू लागली. वर्तमानपत्रात त्यावर एक झोंबणारा मथळा आला आणि तिथल्या स्थानिक परिषदेने तिला फोटो काढायला बंदी केली. लोकांनी इतका आवाज उठवला की परिषदेला दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली. तिच्या वाचकांनी दिलेल्या एक लाख पौंडांहून अधिक देणगीतून आफ्रिकेतल्या मलावीमधल्या शाळेत मुलांच्या जेवणासाठी स्वयंपाकघर उभं राहिलं. त्या परिषदेचं नाव खराब झालं ते मुलीच्या फोटोंनी नव्हे, बंदीने झालं. आपली टाकी तर फोटोतही नव्हती.

आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही, जसं एका सदस्यांनी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२० च्या दशकात बार-स्यूर-लू नावाच्या दक्षिणेतल्या खेड्यात वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं आपलं लिहिलेलं स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून छापायची आणि फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीत, रने दानिएल या शिक्षकाच्या शाळेला पाठवायची. तिकडची मुलं समुद्रकाठची, इकडची डोंगरातली. पुढे सँ-पोल इथल्या सरकारी शाळेत मुलांच्या मोकळ्या लिखाणावरून वादळ उठलं आणि १९३३ मध्ये फ्रेनेंना ती शाळा सोडावी लागली. त्यांनी १९३५ मध्ये व्हाँसला स्वतःची शाळा काढली. त्यांच्या पद्धतीने चालणारे वर्ग आजही आहेत. अलीकडे इंग्लंडमधल्या बोल्टनचे शिक्षक डेव्हिड मिचेल यांनी चार शाळांची साखळी करून एका आठवड्यात एका वर्गाचं लेखन बाकी तीन वर्गांनी वाचायचं, अशी पाळी लावली. युरोपीय आयोगाने तर २००५ पासून ई-ट्विनिंग नावाने देशोदेशींच्या शाळा जोडायला सुरुवात केली. छापखाना असो, पोस्ट असो की ब्लॉग, दूरच्या मुलाने वाचावं म्हणून लिहायचं, ही कल्पना शंभर वर्षांची आहे.

अभ्यासाच्या वेळेबद्दल फार लिहीत नाही. आठवड्याला एक तासिका होती. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, बातमी, कथा, सारांश. त्याची तयारी दहावीच्या डिसेंबरात होत नाही, सातवीतच व्हायला लागते. सराव चाचण्यांना माझा विरोध नाही, त्यांना दुसरी तासिका मिळू शकते. वेळापत्रक मी स्वतः बसवून द्यायला तयार आहे.

पण ह्या तीन कारणांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच आहे. पान उतरवताना मुलांच्या लेखनाची प्रत काढू दिली नाही. ते लेखन मुलांचं होतं, शाळेच्या मालकीचं नव्हतं. तिकडून आलेली पानंही त्यातच होती. भामरागडच्या मुलांना, त्यांच्या गुरुजींना काही कळवायचंही नाही, असं मला सांगण्यात आलं. ती मुलं अजून वाट बघत असतील. त्यांचे सहा प्रश्न आमच्याकडे उत्तराविना पडून आहेत. शहरातल्या माणसांनी मध्येच संपर्क तोडला, याचा अनुभव त्या भागातल्या लोकांना नवा नाही. तो आमच्या वर्गाच्या नावाने त्या मुलांना आलेला मला चालणार नाही.

आणि त्या चार मुली. त्यांनी खरं लिहिलं, नीट लिहिलं, विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर लिहिलं. त्यांना कार्यालयात उभं करून जाब विचारला गेला. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ सांगतं की अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवताना मुलाला भीती आणि दडपण यांपासून मुक्त ठेवण्याचा आणि आपली मतं मोकळेपणाने मांडायला मदत करण्याचा विचार व्हावा. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातली एक मुलगी आता निबंधाच्या वहीत पुन्हा हिरवा शालू लिहायला लागली आहे. मी वही तपासते तेव्हा त्यावर लाल शेरा मारायचं धाडस होत नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

उतरवलेलं सगळं लेखन, आमच्या आणि तिकडच्या मुलांचं, प्रत काढून ज्याचं त्याला परत द्यावं. हे सगळ्यात आधी, कारण ह्याला कुठल्याही समितीची गरज नाही.

वर्गाचा उपक्रम पुन्हा सुरू करावा. हवं तर फक्त दोन शाळांना दिसेल अशा पानावर. नियमावली मुख्याध्यापक, दोन शिक्षक आणि पालक-शिक्षक संघाचे प्रतिनिधी मिळून लिहितील आणि ती शाळेच्या फलकावर लागेल. मुलांच्या नावांचा आणि फोटोंचा नियम संस्थेच्या स्वतःच्या समाजमाध्यमांवरच्या पानांनाही तसाच लागू असावा.

संगणक कक्षातली ती एक तासिका परत मिळावी.

त्या चौघींना आणि त्यांच्या पालकांना बोलावून, त्यांचं काही चुकलं नाही, हे सांगावं. परिपाठालाच सांगितलं तर अधिक बरं, कारण निर्णयही तिथेच वाचला गेला होता. मुलांच्या लेखनाबद्दल यापुढे काही आक्षेप असेल तर तो शिक्षकाला विचारावा, मुलांना नाही.

भामरागडच्या शाळेला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र जावं. उपक्रम का थांबला आणि कधी सुरू होणार, हे त्यात असावं. ते पत्र लिहून द्यायला मी आणि माझा वर्ग तयार आहोत, आपण सही करावी.

टाकीला झाकण बसवावं आणि टाकी धुऊन घ्यावी.

या पत्रामुळे माझ्यावर सेवाशर्तींनुसार काही कारवाई करायची असेल तर तिला मी लेखी उत्तर देईन. माझी विनंती एवढीच की तिचा आणि मुलांचा संबंध जोडू नये. मुलांना या पत्राची कल्पना नाही, त्यांच्याकडून मी काही लिहून घेतलेलं नाही. काही पालकांनी मात्र स्वतःहून मला सांगितलंय की संचालक मंडळाने वेळ दिली तर ते भेटायला येतील. त्यातले एक गुऱ्हाळावर काम करतात. हंगाम सुरू झाला की त्यांना दिवसा सुट्टी मिळत नाही, तेव्हा बैठक दसऱ्याच्या आत ठेवावी. दिवस आणि वेळ आपण ठरवून शाळेच्या कार्यालयात कळवावी, मी पालकांना निरोप देईन.

आपली विश्वासू,
इयत्ता सातवीची वर्गशिक्षिका
कोल्हापूर